टेबलावरची पिवळी भुकटी

पावसाळा सरला आणि रोज सकाळी शेडमधल्या टेबलावर मैद्यासारखी पिवळसर भुकटी दिसू लागली. रंधा मारला नव्हता, करवत चालली नव्हती. झाडून टाकावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. शेवटी शिडी लावून वासा पाहिला. टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. नखानं दाबलं तर वरचा पापुद्रा आत गेला.

दापोलीजवळ परसात सुतारकामासाठी शेड घातली, तेव्हा ऐन-किंजळ महाग पडते म्हणून मी आंब्याचे वासे घेतले. गिरणीतून आले तेव्हा हाताला गार लागत होते. ते ओले आहेत हे तेव्हाच कळायला हवं होतं. दोन वासे एकमेकांवर आपटून पाहा: सुकलेला खणखणतो, ओला बद्द वाजतो. आंब्याच्या लाकडात पिष्ट असतं आणि भुंग्याच्या अळ्या त्यावरच जगतात. सागातसुद्धा गाभ्याबाहेरचा पांढरा भाग तसाच. स्वस्त मिळाला तरी छपराला घालू नका.

छपराचं लाकूड बदलणं फार महागात पडतं. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, पावसात भिजून आणखी जड. वासे काढायचे म्हणून सगळी कौलं उतरवावी लागली आणि मजुरीच वाशांच्या किमतीपुढे गेली.

दुसऱ्या खेपेला पाडलेल्या घराचे ऐनाचे वासे घेतले. जुन्या वाशाची टोकं भिंतीत गेलेली असतात आणि कूज तिथंच धरते. पटाशी टोचून पाहा. सहज रुतली तर तेवढा तुकडा कापून मगच मापा. मापही स्वतः घ्या. लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत धरून गुणाकाराला 144 नं भागलं की घनफूट निघतात. 10 फुटी, 4 बाय 3 चा वासा 0.83 घनफूट भरतो. माझ्या पहिल्या बिलात तो सरसकट एक धरला होता, म्हणजे वाशाच्या पैशातला सहावा हिस्सा फुकट गेला.

जमिनीला मी चकचकीत टाइल्स लावल्या होत्या. भुसा सांडला की पाय सरकायचा. एकदा हातात करवत असताना घसरलो, त्याच आठवड्यात त्या उखडल्या. आता जांभ्याचे तुकडे भरून चोपले, त्यावर जाड प्लास्टिक, वर कोबा आणि टेबलापुढं खरबरीत शहाबादी. ओल चढत नाही. खांबही मातीत पुरले नाहीत, वीतभर उंच सिमेंटच्या पायावर उभे केले.

आंब्याच्या वाशांच्या फळ्या करून मांडणीला लावू, असं घरात निघालं होतं. मी नको म्हटलं. भुंगा शेजारच्या लाकडात जातो. ते सगळे न्हाणीच्या चुलीत घातले.