घटका आणि घड्याळ

ठाण्याची खाडी ओलांडली, की पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी कळवा हे गाव लागते. खाडीत मासेमारी करणाऱ्यांचा दिवस पूर्वी घड्याळावर चालत नसे. तो पाण्यावर चाले. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून तिथी कळली, की होडी केव्हा लोटायची हे त्यांना उमजे.

गावातही सूर्य माथ्यावर आला, म्हणजे मध्यान्ह होई. अहोरात्राच्या ६० घटका मानीत. तळाला बारीक छिद्र असलेले पात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजत. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार या पात्राची आठवण करून देतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून ती कल्याणला पोहोचली. पुढे लोहमार्ग दूरवर पसरले, तशी एक अडचण उभी राहिली. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे पूर्वेकडील गावी मध्यान्ह आधी होते. प्रत्येक गावाची मध्यान्ह निराळी धरली, तर गाडीचे वेळापत्रक जुळणार कसे?

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. सूर्य मात्र पूर्वीच्याच वेळी उगवत होता! गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजला, तर कामगाराला ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडावे लागणार होते. त्याच महिन्यात मुंबईच्या एका गिरणीतील कामगारांनी याविरुद्ध काम थांबविले. घड्याळाचा काटा सरकविणे सोपे असते. माणसाची झोप सरकविणे सोपे नसते. मुंबईत जुनी वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती.

आजही कळव्याच्या अंगणात एक काठी सरळ रोवून पाहावी. तिची सावली बाराला सर्वांत आखूड होत नाही. सरासरीने ती १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास होते. घड्याळ खोटे नाही आणि सूर्यही खोटा नाही. घड्याळ हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे.

याखेरीज आणखी एक वेळ आहे; ती मनाची. कळवा स्थानकावर आजारी मुलाला घेऊन गाडीची वाट पाहणाऱ्या आईला दहा मिनिटे तासासारखी वाटतात. त्याच फलाटावर मित्राशी बोलत उभ्या असलेल्या मुलाला ती जाणवतही नाहीत. आपले लक्ष वेळेवरच खिळले, की ती लांबते. कामात रमले, की ती आखडते. आठवणीत मात्र बहुधा उलट घडते. रिकाम्या दिवसाचे काहीच उरत नाही आणि नवे पाहण्या-शिकण्यात भुर्रकन गेलेला दिवस कित्येक वर्षे पुरतो.

फलाटावरील घड्याळ त्या दोघांना सारखीच दहा मिनिटे देते. म्हणून तिला बसायला जागा देताना घड्याळाकडे नव्हे, तिच्या चेहऱ्याकडे पाहावे.

शब्दार्थ : अहोरात्र – दिवस व रात्र मिळून, मध्यान्ह – दुपारची मधली वेळ, करार – ठरावीक बोली.

स्वाध्याय
१. प्रमाणवेळेची गरज का भासली?
२. गिरणीकामगारांनी काम का थांबविले?
३. ‘घटका भरणे’ व ‘घटकाभर बसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. काठीची सावली मोजून तुमच्या गावची मध्यान्ह शोधा.