शरीराचे वजन व छातीचा दम

पावसाळ्यात कुरखेड्याच्या भोवती धानाची रोवणी सुरू झाली की, एक गोष्ट सहज नजरेस येते. अंगाने सडपातळ अशी बाई दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, तरी तिला धाप लागत नाही. आणि बैठे काम करणारा स्थूल गृहस्थ चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागतो. यावरून कित्येकजण असे समजतात की, अंग जितके हडकुळे तितका दम अधिक. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

लोहाराचा भाता आपण पाहिला असेल. त्याचे कातडे आपण होऊन हलत नाही. त्यास ओढणारा हात लागतो. फुप्फुसांचेही तसेच आहे. त्यांच्या खालचा स्नायूंचा पडदा, ज्यास श्वासपटल म्हणतात, आणि बरगड्यांमधील स्नायू हेच त्या भात्याचे हात होत.

१८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने दोन हजारांवर माणसांचा श्वास यंत्राने मोजून प्रसिद्ध केला. भात्याचा आकार मुख्यतः उंचीप्रमाणे वाढतो, असे त्यास आढळले. मग वजनाचा काहीच संबंध नाही काय? आहे; परंतु ते वजन कशाचे, हे पाहिले पाहिजे.

पोटात साचलेली चरबी श्वासपटलास वर रेटते व फुप्फुसांस पसरण्यास जागा कमी पडते. उलटपक्षी, अन्न पुरेसे न मिळाल्यास शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते; त्यांतून श्वासपटलही सुटत नाही. मग खोकला दुबळा होतो, कफ आतच राहतो, व रोगाशी झुंजण्याची शक्तीही घटते. म्हणूनच कमी वजनाच्या बालकास न्यूमोनिया अधिक घातक ठरतो. खेड्यातील आरोग्यसेवकांनी बालकांचे श्वास मोजून वेळीच औषध दिल्यास पुष्कळ मृत्यू टळतात, हे आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. तो प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला.

रोवणी करणाऱ्या बाईचा दम तिच्या कृशतेत नाही, श्रमाने कसलेल्या स्नायूंत आहे. तीच अर्धपोटी राहिली तर तो दमही ओसरेल. दीड मीटर उंचीच्या प्रौढ माणसाचे वजन सुमारे ४२ किलोग्रॅमहून कमी असणे, हे कुपोषणाचे लक्षण समजावे. मुलांचे मोजमाप मात्र वयानुसार निराळे असते.

विद्यार्थिमित्रांनो, व्यायामाने फुप्फुसे फारशी मोठी होत नाहीत. पण त्यांस हलविणारे स्नायू बळकट होतात. त्यांस खाद्यही हवे. नुसत्या भातावर न राहता डाळ, अंडी, तळ्यातील मासळी यांपैकी जे मिळेल ते खावे. पालकांस एवढीच विनंती की, मूल वाळत चालले तर 'त्याची प्रकृतीच तशी' असे म्हणून स्वस्थ बसू नये. वजन घटत असून खोकला दोन आठवडे टिकला, तर सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी अवश्य करून घ्यावी. ती तेथे मोफत होते, आणि वेळीच कळल्यास क्षय बरा होतो.