मॉरिशसमधील प्रेक्षणीय स्थळे

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर मॉरिशस हे बेट आहे. ते ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून निर्माण झाले असून मकरवृत्ताच्या थोडे उत्तरेस, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, लांबी सुमारे ६५ आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे. रॉड्रिग्ज व इतर काही लहान बेटे मिळून हा देश बनला आहे. १२ मार्च १९६८ रोजी तो ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला आणि १९९२ साली प्रजासत्ताक बनला.

बेटाच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाच्या भिंतीचा वेढा आहे. ही भिंत बाहेरच्या लाटा अडविते आणि आतल्या बाजूस उथळ, शांत व निळेशार पाणी राहते. दक्षिणेकडील सुयाक गावाजवळ मात्र ही भिंत खंडित झाली आहे. तेथे महासागराच्या लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. बहुसंख्य प्रवासी या किनाऱ्यांसाठीच येथे येतात व त्यांचे समाधानही होते. परंतु किनारा सोडून थोडे आत गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते. या बेटावरील जे दृश्य अगदी स्वाभाविक वाटते, त्यापैकी फारच थोडे मूळचे आहे. सतराव्या शतकापूर्वी येथे मनुष्याची कायम वस्ती नव्हती. ऊस व हरणे जावाहून आली. माणसे आफ्रिका, मादागास्कर, भारत, चीन व युरोप येथून आली. अवघ्या चार शतकांत एका बेटाचा कायापालट झाला. तो जेथे स्पष्टपणे वाचता येतो, अशी काही स्थळे पुढे दिली आहेत.

माहेबूर आणि ग्रां पोर

आग्नेय किनाऱ्यावरील ग्रां पोर या उपसागरात १५९८ साली डच जहाजे उतरली. डचांनी आपल्या प्रिन्स मॉरिट्सचे नाव बेटाला दिले. १६३८ साली त्यांनी येथे वसाहत केली, एबनी या काळ्या कठीण लाकडाची जंगले तोडली आणि पुढील वर्षी ऊस आणला. उडता न येणारा डोडो पक्षी याच काळात नाहीसा झाला. शिकारीपेक्षाही जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे व माकडे त्याच्या नाशास अधिक कारणीभूत झाली असावीत, असे मानले जाते. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद १६६२ सालची आहे. १७१० साली डचांनी बेट सोडले.

त्यानंतर आलेल्या फ्रेंचांची आणि इंग्रजांची मोठी आरमारी लढाई ऑगस्ट १८१० मध्ये याच उपसागरात झाली. तीत फ्रेंच विजयी झाले. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेट इंग्रजांच्या हाती गेले. शरणागतीच्या करारात रहिवाशांना आपली भाषा, कायदे व धर्म राखण्याची मुभा मिळाली. सुमारे दीडशे वर्षे इंग्रजांचे राज्य असूनही या देशात फ्रेंच व क्रिओल भाषा का टिकल्या, याचे उत्तर या करारात सापडते. माहेबूर येथील जुन्या फ्रेंच वाड्यात आता इतिहास संग्रहालय आहे. लढाईत जखमी झालेल्या दोन्ही पक्षांच्या सेनानींवर याच वाड्यात उपचार झाले होते.

पॅम्पलमूसचे उद्यान

राजधानी पोर्ट लुईच्या उत्तरेस पॅम्पलमूस हे गाव आहे. फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याने १७७० साली येथील बाग विकत घेतली. मसाल्याच्या व्यापारातील डचांची मक्तेदारी मोडावी, या हेतूने त्याने मोलुक्का बेटांतून जायफळ व लवंगेची रोपे गुपचूप मिळवून येथे वाढविली. आज हे उद्यान मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाने ओळखले जाते. येथील तलावात परातीसारख्या उभ्या कडांची विशाल पाने असलेली अ‍ॅमेझॉन नदीतील कमळे आहेत. त्याचप्रमाणे आयुष्यात एकदाच, अनेक दशकांनंतर फुलणारे आणि फुलून गेल्यावर मरणारे तालिपोट ताडही आहेत. जवळच्या बो प्लां येथील साखर कारखाना १९९९ साली बंद पडला. त्याच्या जुन्या यंत्रांभोवती साखरेचे संग्रहालय उभारले आहे. बेटाचा पुढील इतिहास समजण्यासाठी ते पाहणे आवश्यक आहे. कारण साखरेसाठी माणसे लागत आणि ती बाहेरून आणावी लागत.

ल मॉर्न पर्वत

नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न हा पर्वत छायाचित्रांमुळे सर्वपरिचित आहे. त्याचे खडे कडे मळ्यांतून पळालेल्या गुलामांचे आश्रयस्थान होते. तेथे चढणे कठीण आणि पाठलाग करणे त्याहून कठीण होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई म्हणून सुमारे २० लाख पौंड देण्यात आले. ते मालकांना मिळाले, गुलामांना नव्हे. लोकपरंपरा सांगते की, मुक्ततेची वार्ता घेऊन शिपाई पर्वताकडे आले, तेव्हा ते आपणांस धरावयास आले आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. या घटनेची लेखी साक्ष उपलब्ध नसली, तरी देशाच्या स्मृतीत तिचे स्थान पक्के आहे. १ फेब्रुवारी हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असतो, आणि २००८ साली या पर्वताचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.

आप्रवासी घाट

गुलाम मुक्त झाले तरी उसाचे मळे राहिले. त्यांसाठी ब्रिटिश सरकारने १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ केला. १९२० च्या दशकापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांपैकी काही येथून दुसऱ्या वसाहतींत गेली, बरीच येथेच राहिली. १८४९ साली बांधलेल्या निवासस्थानाचा थोडाच भाग आता उरला आहे: दगडी पायऱ्या, दरवाजा आणि रुग्णालयाच्या काही खोल्या. पूर्वी याला कुली घाट म्हणत. नव्या नावातील ‘आप्रवासी’ या शब्दाचा अर्थ बाहेरून येऊन वसलेला असा आहे. एका तुच्छतादर्शक शब्दाची जागा त्याने घेतली. २००६ साली हे स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

मजूर कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून येत. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही मराठी भाषा शिकतात व गणेशचतुर्थी साजरी करतात. हा सण मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा आहे. आलेल्या प्रत्येक मजुराचे नाव, वय व गाव यांची नोंद होत असे आणि पुढे छायाचित्रही घेतले जाई. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. मजुरांवर नजर ठेवण्यासाठी लिहिलेल्या या नोंदी आज त्यांच्या पणतवंडांना आपले मूळ गाव शोधून देतात. घाटावरून गावांकडे जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात. जमीन लागवडीस आणताना गुलामांनी व मजुरांनी हातांनी वेचलेले हे दगड होत.

गंगा तलाव

मध्यवर्ती उंच प्रदेशात ज्वालामुखीच्या मुखात साठलेले एक सरोवर आहे. फ्रेंच भाषेत त्याला ग्रां बासें म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदू यात्रेकरू येथे येऊ लागले. १९७२ साली भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले आणि ते गंगा तलाव झाले. २००७ साली काठावर ३३ मीटर उंचीची शिवमूर्ती उभी राहिली. महाशिवरात्रीस लक्षावधी भाविक, त्यांतील अनेक जण खांद्यावर कावड घेऊन, दूरच्या गावांतून पायी येतात. ज्यांना परत जाता आले नाही त्यांनी आपली नदी येथे आणली, असे या स्थळाविषयी म्हणता येईल.

काळ्या नदीची दरी आणि बगळ्यांचे बेट

गंगा तलावाच्या पश्चिमेस काळ्या नदीच्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ साली घोषित झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक आहे. देशाचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर उंचीचे, येथेच येते. बेटावरील मूळ जंगलाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग चांगल्या स्थितीत उरला आहे, आणि त्यातील बराचसा या दऱ्यांत आहे. येथे मॉरिशसचा छोटा ससाणा दिसू शकतो. जंगलतोड व डीडीटीमुळे १९७४ साली या जातीचे फक्त चार पक्षी निसर्गात उरल्याची नोंद होती. शास्त्रज्ञांनी घरट्यांतील पहिली अंडी काढून कृत्रिम उष्णतेत उबविली. त्यामुळे मादीने पुन्हा अंडी घातली आणि एका हंगामात पिले वाढली. पुढे त्यांची संख्या शेकड्यांवर गेली.

हाच प्रयत्न माहेबूरसमोरील बगळ्यांच्या बेटावर अधिक जवळून पाहता येतो. फक्त २६ हेक्टरांच्या या प्रवाळ बेटावरील उंदीर व परकी झुडपे काढून देशी वृक्ष लावण्यात आले आणि गुलाबी पारवे सोडण्यात आले. मूळची महाकाय कासवे नामशेष झाल्यामुळे एबनीची फळे खाऊन बिया दूर टाकणारा प्राणी राहिला नव्हता. म्हणून अल्डाब्रा बेटावरील कासवे येथे आणली. त्यांच्यामुळे एबनीची रोपे पुन्हा उगवू लागली.

हे काम किती नाजूक आहे, ते २०२० साली दिसून आले. २५ जुलै रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज जवळच्या प्रवाळभिंतीवर रुतले आणि पुढे त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो नागरिकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले आणि तेल अडविले. ज्या पिकासाठी जंगल तोडले गेले, त्याचेच पाचट उरलेल्या निसर्गाच्या रक्षणास उपयोगी पडले.

प्रवासाचा काळ

मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे व सौम्य असतात. जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळांचा संभव असतो. परंतु महाशिवरात्रीची यात्रा पाहावयाची असल्यास त्याच सुमारास जावे लागते. वर दिलेली सर्व स्थळे चार ते पाच दिवसांत पाहून होतात. किनाऱ्यासाठी त्यानंतरही वेळ उरतो. मात्र तेव्हा त्या निळ्या पाण्याकडे पाहणाऱ्याला, या पाण्यावरून कोण आले आणि कशासाठी आले, हे ठाऊक झालेले असते.