इंधनाचा हिशेब आणि दर्यावर्दी तरुण

बारावीच्या शास्त्रशाखेतील, यंत्रांची ओढ असलेले आपले अपत्य जहाजावर जाण्याची इच्छा बोलून दाखविते तेव्हा ज्या मातापित्यांच्या पोटात गोळा उठतो, त्यांच्यापुढे प्रथम एक गणित मांडावेसे वाटते. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून वेग १० टक्क्यांनी उतरविला, तर शक्तीची गरज सुमारे २७ टक्क्यांनी घटते, आणि प्रवास लांबला हे जमेस धरूनही तेवढ्याच अंतराला १९ टक्क्यांच्या आसपास इंधन वाचते.

पूर्वी हा मालकाच्या नफ्यातोट्याचा मामला होता. परंतु जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजे सोडतात हे ध्यानी आल्यावर लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१३ पासून नव्या जहाजांच्या रचनेलाच कार्यक्षमतेची अट घातली. पुढे २०२३ पासून, ५,००० सकल टन व त्यावरील मालवाहू आणि प्रवासी जहाजांनी वहनक्षमतेच्या मानाने दर सागरी मैलामागे किती कार्बन सोडला हे पाहून त्यांना 'ए' ते 'ई' अशी वार्षिक श्रेणी देण्याचा नियम अमलात आला. एकदा 'ई' किंवा सलग तीन वर्षे 'डी' मिळाली, की सुधारणेची योजना लेखी सादर करणे प्राप्त होते.

तळावर चढलेले शेवाळ, खडबडीत झालेला प्रोपेलर, रोज दुपारच्या अहवालात, म्हणजे नून रिपोर्टात, भरलेला इंधनाचा आकडा, या सर्वांची जबाबदारी ज्याच्या दप्तरी येते त्या चीफ इंजिनिअरच्या कामाची प्रतिष्ठा या नियमांनी वाढविली, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तो आकडा प्रामाणिक नसेल, तर पुढचा सारा हिशेब व्यर्थ ठरतो.

या पदाकडे नेणाऱ्या मरीन इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या पदवीसाठी भौतिक, रसायन व गणित मिळून सरासरी ६० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामायिक प्रवेशपरीक्षा आवश्यक असते. मात्र शुल्क भरण्यापूर्वी मुलाची, अथवा मुलीची, रंगदृष्टी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. आणि नोकरीची हमी देऊन रक्कम मागणाऱ्या दलालाचा परवाना मुंबईच्या जहाजराणी महासंचालनालयाकडे पडताळल्यावाचून त्याच्या हाती एक पैही देऊ नये.

कित्येक महिने घरापासून दूर राहण्याचे दुःख खरे आहे, ते मी लपवीत नाही. परंतु काही वर्षांनी किनाऱ्यावर परतू इच्छिणाऱ्या अभियंत्याला पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थांत सर्वेक्षकाचे काम असते, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत इंधनाच्या नोंदी तपासणारी माणसे लागतात, आणि मिथेनॉल व अमोनिया ही नवी इंधने येऊ लागल्यामुळे, त्यातही अमोनिया विषारी असल्यामुळे, ती सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण देणाऱ्या अनुभवी शिक्षकांची निकड आताच भासू लागली आहे.