आधी ठरव, मग चढव
(मिररलेसच्या पोटात बसणाऱ्या फिल्टरचे कानमंत्र)

पोरी, नवा मिररलेस घेतलास, त्याच्या सेन्सरसमोर बसणारा क्लिप-इन फिल्टरही मागवलास, आणि आता अमावास्या गाठून वेल्ह्याला निघायचं म्हणतेस. जा की! तालुक्याला आता राजगडाचं नाव मिळालंय, पण आपल्या तोंडी वेल्हेच राहणार. तिथला आणि भोरचा अंधार पुण्याजवळ दुसरीकडे शोधून सापडायचा नाही.

हा फिल्टर गुणी आहे. एकच घेतला की त्या बॉडीच्या बहुतेक लेन्सांना चालतो, आणि पुढची काच फुगीर असल्यामुळे ज्या लेन्सला फिल्टर लावायची सोयच नसते, तिथे तर हाच उपयोगी पडतो. पण तो बसतो कुठे? एरवी जिथे आपण कुणाला बोट लावू देत नाही, तिथे. म्हणून याची काळजी घ्यायची ती घरी, निघण्याआधी. तुझा उत्साह मला ठाऊक आहे, म्हणूनच सावकाश वाच.

घरी

१. कोणता फिल्टर आणि कशासाठी, ते आदल्या संध्याकाळीच पक्कं कर – रानात बदलायचा म्हटला की लेन्स काढावी लागते आणि सेन्सर वाऱ्यावर उघडा पडतो. आधी ठरव, मग चढव.

२. बसवताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि टेबलावरून घट्ट पिळलेला ओला फडका फिरव – तरंगणारी धूळ खाली बसायला पाच-दहा मिनिटं दे, तेवढ्यात चहा होतो.

३. कॅमेरा बंद कर, लेन्स काढ, तोंड खाली करून ब्लोअर मार. तोंडाने फुंकर मात्र घालायची नाही – फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात आणि वाळले की नुसत्या हवेने निघत नाहीत.

४. कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटतं की उघडं राहतं, ते आधी बघून ठेव आणि फिल्टर कोणत्या स्थितीत बसवायचा ते त्याच्या माहितीपत्रकात वाच – शटरच्या पात्या फार नाजूक असतात, बोटाचा किंवा चौकटीचा धक्का त्यांना सोसत नाही.

५. फिल्टर कडेच्या धातूला धर. तो डब्याच्या झाकणासारखा हलका ‘टक’ करून बसला पाहिजे – जोर लावावा लागतोय म्हणजे तो तिरका आहे. बोटांना घाई, मग काचेची धुलाई.

६. सेन्सरकडे कोणती बाजू जाते ते दिवसाउजेडी ओळखून ठेव – उलटी चौकट घट्ट अडकत नाही, आणि सुटली तर पहिली शटरवर येते.

७. फिल्टर बसला की पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून चारही कोपरे न्याहाळ – एकच कोपरा काळवंडला असेल तर चौकट सरकलेली आहे, आणि हे घरी कळलेलं बरं.

८. मग एफ/१६ ठेवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो घे – सेन्सरवरची धूळ बारीक, रेखीव ठिपका दाखवते, फिल्टरवरची धूळ पसरट, पुसट डाग. कुठे ब्लोअर मारायचा ते त्यावरून कळतं.

९. प्रत्येक लेन्सची मागची बाजू तपास आणि न चालणाऱ्या लेन्सांची यादी वाच – माउंटपासून सेन्सरपर्यंत सोनीत १८, निकॉन झेडमध्ये १६ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमीच अंतर असतं, त्यात काही लेन्सांची मागची काच आत डोकावते. पहिल्यांदा लेन्स फिरवताना हात हलका ठेव, अडकल्यासारखं वाटलं की तिथेच थांब.

१०. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद कर – ट्रायपॉडवर ते तसंही नको, शिवाय फिल्टर एका जागी आणि मागे सेन्सर हलता, असं झालं की कोपऱ्यात सावली येऊ शकते.

फोकस

११. लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर विसंबू नकोस – १ मिमी जाडीची काच फोकस साधारण ०.३ मिमी मागे सरकवते. त्यामुळे २४ मिमी लेन्सवर तारे दीड-दोन मीटरच्या खुणेपाशी टोकदार होतात, आणि १४ मिमीवर तर मीटरभराच्याही अलीकडे.

१२. तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करून त्याचा ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांब – हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात चित्रा किंवा स्वाती. बारीक ताऱ्यावर डोळा फसतो.

१३. मधेच कॅमेरा बंद केलास, तर फोकस पुन्हा तपास – बऱ्याच मिररलेस लेन्सांची रिंग आतल्या मोटरला नुसता इशारा देते, चालू-बंद केल्यावर काच पहिल्या जागी येईलच असं नाही. रिंगला चिकटपट्टी लावून इथे भागत नाही.

१४. झूम लेन्स असेल तर झूम बदलला की फोकस नव्याने कर – फिल्टरशिवाय जी लेन्स झूममध्ये फोकस धरून राहते, तीही आता तसं करेल याचा भरवसा नाही.

१५. कोपऱ्यातले तारे ताणल्यासारखे दिसले तर एफ/२.८ वरून एफ/४ वर ये, किंवा चौकट थोडी मोठी धरून नंतर काप – रुंद लेन्सच्या रचनेत मागच्या या जास्तीच्या काचेचा हिशेब धरलेला नसतो.

अंधारात

१६. वेल्ह्याकडे गेलीस तर पाठ ईशान्येला कर आणि दक्षिण-नैर्ऋत्य बघ. भोरला असशील तर वरंध घाटाच्या अंगाला सरक – पुण्याचा उजेड वेल्ह्याच्या ईशान्येला उमटतो, आणि भोरच्या पूर्वेला हमरस्ता आणि शिरवळचे कारखाने आहेत.

१७. आकाशगंगेचं केंद्र हवं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे ऊठ, एप्रिल-मेमध्ये मध्यरात्र धर – ते दक्षिणेला सर्वांत वर येतं तेव्हाही आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतं, म्हणून दक्षिणेला डोंगर आडवा नसलेली जागा बघ.

१८. शहरी उजेड अडवणाऱ्या फिल्टरकडून भलती आशा ठेवू नकोस – जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे, तो नेमका कापता येई. एलईडीचा पांढरा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. चेलाडी फाट्यावरून आत वळून मार्गासनीच्या पुढे गेलीस की जे साधतं, ते पुण्याच्या गच्चीवर कोणताही फिल्टर साधून देत नाही. दिव्यापासून जो लांब, त्याला फिल्टर कशाला सांग!

१९. हायड्रोजन-अल्फाच्या लाल प्रकाशाचा अरुंद फिल्टर साध्या कॅमेऱ्यासाठी लगेच विकत घेऊ नकोस – तो प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि कारखान्यातून आलेला कॅमेरा त्यातला बराचसा आधीच अडवतो. बदल करून घेतलेली बॉडी असेल तर मात्र हिवाळ्यात मृग नक्षत्राभोवतीचं बर्नार्डचं लाल कडं बघून हरखून जाशील.

२०. असा अरुंद फिल्टर लावलास तर लेन्स एफ/१.४ वर सताड उघडू नकोस, एफ/२.८ च्या आसपास ठेव – फार तिरप्या किरणांना फिल्टरचा पट्टा सरकतो आणि हवा तोच प्रकाश गळतो.

२१. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भाग, म्हणजे २० मिमीला २५ सेकंद, आणि त्याहून थोडं कमीच ठेव – जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तारे लवकर लांबट होतात. फिल्टरने खाल्लेला उजेड आयएसओ वाढवून भरून काढ, वेळ वाढवून नको.

२२. फोटो रॉमध्येच घे आणि सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स ठेव – फिल्टर रंग बदलतोच. तो घरी एकदाच सुधारून सगळ्यांना लावता येतो.

२३. चौकटीत वाडीचा दिवा किंवा गाडीची बत्ती आली तर कॅमेरा थोडा वळव, नाहीतर गाडी जाऊ दे – तेजस्वी उजेड फिल्टर आणि सेन्सरमध्ये उलटसुलट आपटून भलतेच हिरवे-तांबडे ठिपके उमटवतो.

२४. लाल उजेडाचा हेडटॉर्च वापर आणि तो खाली बघता ठेव – डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, तुझे आणि शेजारी उभ्या असलेल्याचेही.

दव आणि पाऊस

२५. भाटघर, पानशेत किंवा गुंजवणीच्या पाण्याकाठी थंडीत रात्र काढणार असशील तर लेन्सला गुंडाळायचा हीटरचा पट्टा घे – दव पुढच्या काचेवर बसतं, आणि तू उगाच आतल्या फिल्टरवर संशय घेत लेन्स उघडायला जातेस.

२६. परत आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच तासभर राहू दे – गार बॉडी घरच्या उबेत उघडली की फिल्टरवर आणि सेन्सरवर वाफ धरते.

२७. पावसाळ्यात वरंध घाट किंवा मढे घाटातले धबधबे टिपायचे तर एनडी फिल्टर घरूनच बसवून ने – पुढच्या काचेवर तुषार आले तर बिनधास्त पुसता येतात, एनडी आत कोरडा राहतो. सहा स्टॉपच्या एनडीने १/६० सेकंदाचा एक सेकंद होतो, दहा स्टॉपच्या एनडीने १/३० चे अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

२८. ओल्या कातळाची चमक मारायला पोलरायझर हवा, आणि तो पुढेच लावायचा – त्याचा परिणाम फिरवून बघावा लागतो, आत बसवलेली काच फिरवणार कशी?

२९. घाटात निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारून घे – वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, आणि फोटोपायी कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हे मी दोनदा सांगणार.

३०. इन्फ्रारेडसाठी बदललेला कॅमेरा कुणाकडून मिळाला, तर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवून भाद्रपदात भातखाचरं टिप – हिरवं पान इन्फ्रारेड भरपूर परतवतं, म्हणून अख्खं शिवार पांढरंशुभ्र उमटतं. मधोमध उजळ डाग दिसला तर लेन्स थोडी उघड, काही लेन्सांना लहान छिद्रावर तो येतोच.

हे कधीच नाही

३१. क्लिप-इन एनडी लावून सूर्यावर लेन्स रोखू नकोस – लेन्स सगळं ऊन गोळा करून त्याच काचेवर टाकते; ती तडकली की मागे सेन्सर आहे. २ ऑगस्ट २०२७ च्या संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. ढगांनी वाट दिली तर सूर्यासाठीचा खास फिल्टर लेन्सच्या पुढे लाव.

३२. रात्री आत काही खुळखुळलं तर फोटो काढून बघू नकोस आणि कॅमेरा हलवूनही बघू नकोस – चौकट सुटलेली असेल तर शटर चालताच पाती अडकेल. कॅमेरा बंद कर, लेन्स खाली करून बॅगेत ठेव आणि घरी उजेडात उघड.

३३. फिल्टर ओढणीने किंवा टी-शर्टने पुसायचा नाही – कापडातली कचही त्याच्या मुलाम्यावर ओरखडे काढते. आधी ब्लोअर, नाहीच निघालं तर लेन्सच्या कागदावर द्रावणाचा एक थेंब, काचेवर नव्हे.

३४. फिल्टरची रिकामी डबी नेहमी बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेव – काढलेली काच क्षणभरही खिशात जाता कामा नये. डबी जिथे, फिल्टर तिथे.

३५. फिल्टर आत असेपर्यंत कॅमेऱ्यावर तशी चिठ्ठी चिकटव आणि घरी आल्यावर तो काढूनच कॅमेरा ठेव – नाहीतर मावसबहिणीच्या हळदीला सगळ्यांचे चेहरे निळसर येतील आणि मग तुझी बाजू घ्यायला मी येणार नाही.

माणसांशी

३६. गुंजवण्यात किंवा वेल्ह्यात उतरलीस की गडावर रात्रीच्या मुक्कामाला परवानगी आहे का ते विचार. नसेल तर पायथ्याला थांब – राजगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, पण गड सांभाळायचा तो आपल्यालाच. आणि तोरण्याचा १४०३ मीटरचा माथा पायथ्यावरून चौकटीत फार देखणा बसतो.

३७. शेतात ट्रायपॉड लावायच्या आधी शेतमालकांना हाक मार – कोणता दिवा किती वाजता मालवतो, फुरसं कुठल्या बांधावर दिसतं, हे कोणत्याही ॲपपेक्षा त्यांना नीट ठाऊक असतं.

३८. आकाश एकटीने शिकू नकोस – पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी माणसांना आकाश दाखवते आहे. चार जाणत्यांबरोबर काढलेली एक रात्र पुष्कळ शिकवून जाते.

३९. पहिल्या अमावास्येला फिल्टर न लावताच जा, दुसऱ्या अमावास्येला त्याच जागी, तीच लेन्स घेऊन फिल्टरसकट जा, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ – त्या अंधारात तुला फिल्टर खरंच लागतो का, हे तुझे तुलाच कळेल. लागत नसेल तर तो डबीत राहू दे. त्यात पैसे वाया गेले असं मानू नकोस, वरंधच्या पावसात आणि घराच्या गच्चीवर बाकीचे फिल्टर आहेतच कामाला.

एवढं केलंस की बाकी सगळं हाताला आपोआप येईल. निघताना जादा बॅटरी घे, स्वेटर घे, आणि कोणत्या गावी थांबणार ते घरी सांगून जा.