कुणाला सोडलं तर चालेल?

अगं, बास्केटबॉलची टीम हातात आल्या आल्या सगळे जी चूक करतात, ती मीही केली होती. सरावात भारी दिसणाऱ्या पाचजणी निवडल्या आणि उतरवल्या. त्यांत दोन उंच पोस्ट, दोघीही रिंगखाली दादा. एका म्यानात दोन तलवारी! एकीला बॉल मिळाला की दुसरी, आणि दुसरीला मार्क करणारीही, तिथेच. म्हणजे डबल टीम आम्हीच आणून द्यायचो. गार्ड ड्राइव्ह घेऊन रिंगसमोरच्या डीत शिरली की समोर भिंत, आणि ओरडा मात्र तिला.

तेव्हापासून पाच नावं लिहिली की मी समोरच्या कोचच्या डोक्याने ती वाचतो. यातल्या कुणाला मोकळं सोडलं तर चालेल? एकच नाव सापडलं तर निभावतं. दोन सापडली तर कागद फाडायचा.

2015 ची एनबीए प्लेऑफ काढून बघ. गोल्डन स्टेट वॉरियर्स मेम्फिसविरुद्ध 1-2 असे मागे होते. मेम्फिसचा टोनी ॲलन म्हणजे डिफेन्सचा वाघ, पण बाहेरून शॉट कच्चा. वॉरियर्सनी त्याच्यावर चक्क आपला सेंटर अँड्र्यू बोगट ठेवला. ठेवला म्हणजे नावाला; बोगट डीतच ठाण मांडून बसला. मेम्फिसचा खेळ सगळा आतल्या दोन धिप्पाड गड्यांवर, आणि आत आता आणखी एक धिप्पाड. मालिका वॉरियर्सनी 4-2 अशी घेतली.

गंमत म्हणजे फायनलमध्ये क्लीव्हलँडपुढेही ते 1-2 असेच अडकले, आणि या वेळी आत गर्दी करणारा बोगट स्वतःच होता. चौथ्या सामन्यात कोच स्टीव्ह कर यांनी त्याला बसवलं आणि आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीला उतरवलं. त्या हंगामातल्या साखळीत तो एकदाही पहिल्या पाचांत नव्हता. सेंटरला आला साडेसहा फुटांचा ड्रेमंड ग्रीन. सुरुवातीलाच 0-7. मी असतो तर तिथेच बोगटला परत बोलावलं असतं. कर यांनी तसं केलं नाही. क्लीव्हलँडच्या मोझगोव्हने आतून 28 पॉइंट काढले, तरी वॉरियर्स 103-82 जिंकले, पुढचे दोन सामनेही जिंकले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला.

यावरून पाचही शूटर हवेत असं समजू नकोस. इग्वाडाला काही वॉरियर्सचा हुकमी शूटर करी नव्हे. पण सोडला तर शॉट टाकत होता, आणि त्याच्यामागे जायचं तर उंच मोझगोव्हला रिंग सोडून बाहेर यावं लागत होतं. करीवर दोघे धावले की बॉल फ्री थ्रो लाइनजवळ ग्रीनकडे, आणि तिथून पुढे चार विरुद्ध तीन. ग्रीनचं काम एवढंच: बॉल धरून ठेवायचा नाही, लगेच ठरवायचं.

तुझ्या मुलींना 6.75 मीटरवरून थ्री जमत नसेल तर नसू दे. कोर्ट 15 मीटर रुंद आहे, दोघींना कोपऱ्यांत पाठव. शेजारच्या कोणत्याही दोघींत चार-पाच मीटर अंतर हवं. जिला कुणी मार्क करत नाही तिला कोपऱ्यात शोभेला उभी करू नकोस, शूटरला स्क्रीन द्यायला पाठव. तिची डिफेंडर डीत बसलेली असते, त्यामुळे स्क्रीनवरून सुटलेल्या शूटरला अडवायला कुणी वेळेत पोचत नाही. आणि डिफेंडरने मान वळवली की बेसलाइनने कट मारायला शिकव.

बदली करताना आत जाणारीला तर सांगच, पण कोर्टवरच्या चौघींनाही ओरडून सांग. शूटर बाहेर आली की बाकीच्यांची कामं बदलतात. हे मी कितीदा विसरलोय!

आणि हो, पाच नावं आधी कुणाला सांगत बसू नकोस. स्टीव्ह कर यांनी फायनलच्या त्या चौथ्या सामन्याआधी पत्रकारांना पहिल्या पाचांबद्दल बेधडक खोटं सांगितलं होतं. जिंकल्यावर कबूलही केलं.