मोठ्या संख्येचा ताळा

गगनबावडा तालुक्यांत भाताबरोबर ऊसही होतो. उसाच्या वजनास दरानें गुणून जो आंकडा कागदावर येतो, त्यावर पुष्कळ घरांचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो. तो आंकडा पडताळून पाहण्याची जुनी रीत म्हणजे ताळा. ती प्रथम एका मोठ्या संख्येवर पाहूं.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं ज्या संख्यांस ‘डेमलो’ हें नांव दिलें, त्यांपैकीं एक ही: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळां १ लिहून होणाऱ्या संख्येस त्याच संख्येनें गुणिलें असतां ही सतरा अंकी संख्या येते.

आतां ताळा घेऊं. नऊ एकांची बेरीज ९. ९ गुणिले ९ म्हणजे ८१. ८ व १ मिळून ९. इकडे उत्तरांतील सतरा अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हां ९. ताळा जुळला. याचें कारण सोपें आहे. दहा म्हणजे नऊ व एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव व एक. म्हणून कोणत्याही संख्येस नऊनें भागिलें असतां जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेसही उरते.

डोळ्यांस दिसणाऱ्या क्रमावर मात्र विसंबूं नये. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. हातचे आल्यामुळें क्रम मोडला, पण ताळा मोडला नाहीं. एका बाजूस १०, म्हणजे १, व १ गुणिले १ म्हणजे १. दुसऱ्या बाजूस ८२, म्हणजे १०, म्हणजे १.

आतां व्यवहाराकडे वळूं. समजा, ३७ टन ऊस, दर टनास ३,१०० रुपये. रक्कम १,१४,७०० रुपये. ३७ चा ताळा १, ३,१०० चा ४, गुणाकार ४. रकमेच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. जुळलें. कोणी १,१५,७०० लिहिलें तर बेरीज १४, म्हणजे ५. चूक उघड झाली. पण ४ व ७ यांची अदलाबदल होऊन १,१७,४०० लिहिलें गेलें तर? बेरीज पुन्हां १३! ताळा जुळतो, आणि २,७०० रुपयांचा फरक लपून राहतो.

म्हणून वाचकहो, अकराचा ताळाही घ्यावा. एकंस्थानापासून एक अंक मिळवावा व पुढचा वजा करावा. उत्तर उणें आल्यास त्यांत ११ मिळवावे. ३७ चे ४. ३,१०० चे उणें २, म्हणजे ९. गुणाकार ३६, म्हणजे ६ उणें ३, अर्थात् ३. खऱ्या रकमेचे ३ येतात. चुकलेल्या रकमेचे उणें ३, म्हणजे ८. शेजारच्या दोन निराळ्या अंकांची अदलाबदल या ताळ्यांतून सुटत नाहीं.

ताळा न जुळला तर चूक निश्चित. जुळला म्हणजे हिशेब बिनचूक, असें मात्र समजूं नये. हिशेबांत नऊनें भाग जाणारी तफावत निघाली, तर अंक उलटसुलट झाले आहेत कीं काय, हें आधीं पाहावें. घरांतील शाळकरी मुलांकडून हे दोन्ही ताळे प्रत्येक पावतीवर करवून घ्यावे, अशी आमची शिफारस आहे.